विठाबाईंच्या नावाचा पुरस्कार आणि झाडीची खडी गंमत

महाराष्ट्र शासनाने २००६ साली तमाशासम्राज्ञी विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. तमाशा जगवण्यासाठी आणि वाढवण्यासाठी ज्यांनी हयात घालवली, अशा कलावंताला तो दरवर्षी दिला जातो. गोंदिया जिल्ह्यातल्या शाहिरांच्या मेळाव्याची स्मरणिका काढायची आणि तीत या पुरस्काराचा इतिहास द्यायचा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. नारायणगाव पुणे जिल्ह्यात, आपण थेट छत्तीसगडच्या सीमेवर. तमाशाचा फड आपल्याकडे क्वचितच येतो. पण आपली खडी गंमत ही त्याच घराण्यातली आहे. गण, गवळण, लावणी, सवाल-जबाब, कलगी आणि तुरा हे दोन पक्ष, हे सगळे आपल्याकडेही आहे. म्हणून पुरस्काराची वाट कशी तयार झाली आणि त्या वाटेवर झाडीचा, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीचा, शाहीर आज कुठे उभा आहे, हे नीट समजून घेणे आपल्याला गरजेचे आहे.

आधी ज्यांच्या नावाचा पुरस्कार आहे त्या बाईंविषयी. विठाबाईंचा जन्म जुलै १९३५ मध्ये पंढरपूरला झाला. आजोबा नारायण खुडे यांच्यापासून घरात तमाशा. वडील भाऊ आणि चुलते बापू यांचा ‘भाऊ-बापू मांग नारायणगावकर’ हा फड गावोगाव गाजलेला. विठाबाई लहानपणीच बोर्डावर उभ्या राहिल्या आणि पुढे स्वतःच्या नावाचा फड त्यांनी चालवला. फडाच्या नावात वडिलांचे नाव, जात आणि गाव तिन्ही होते. ज्या काळात कलावंत जात लपवून वेगळे आडनाव घेत, त्या काळात या बाईने ती फडाच्या नावात मिरवली. हा धीटपणा मला त्यांच्या नाचगाण्याइतकाच मोठा वाटतो.

त्यांच्याविषयी एक प्रसंग तमाशाच्या जगात सगळ्यांना ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या नाचत होत्या. वग रंगात आला आणि कळा सुरू झाल्या. त्या आत राहुटीत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली, लुगडे आवळून बांधले आणि पुन्हा बोर्डावर आल्या. समोर बसलेल्या लोकांना पोट दिसेना, तेव्हा काय घडले ते त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी हात जोडून बाईंना आत जायला सांगितले आणि त्या रात्रीचा खेळ थांबवला. हा प्रसंग पुष्कळदा बाईंच्या धैर्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. त्यात एका गोष्टीकडे मात्र फारसे कुणी पाहत नाही. बाळंतपणाच्या दिवशीही रजा घेता येऊ नये, अशी ती मजुरी होती. सुपारी घेतली की खेळ झालाच पाहिजे. नाही झाला तर फडातल्या पंचवीस-तीस माणसांच्या पोटाचे काय, हा प्रश्न मालकिणीसमोर होता.

१९५७ आणि १९९० अशा दोन वेळी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. १५ जानेवारी २००२ रोजी त्यांचे निधन झाले. शेवटच्या आजारपणात उपचारांचा खर्च लोकांच्या मदतीतून भागवावा लागला. राष्ट्रपतींचे पदक दोनदा मिळालेल्या कलावंताच्या औषधाला पैसे नव्हते. त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी त्यांच्याच नावाने सुरू झालेल्या पुरस्कारात मानपत्राबरोबर रोख रक्कमही ठेवली गेली. पुढे ती पाच लाखांपर्यंत पोचली. हे मला त्या आजारपणाचे उत्तर वाटते. बाईंना त्याचा उपयोग झाला नाही, त्यांच्या मागून येणाऱ्यांना झाला.

पहिला मान कांताबाई सातारकर यांना मिळाला, आणि तो योग्यच होता. ‘रायगडची राणी’ या वगात त्यांनी शिवाजी महाराजांची भूमिका केली, तीही अशी की बाई महाराज झाली आहे याचा समोरच्यांना विसर पडावा. पती तुकाराम खेडकरांच्या मागे त्यांनी फड सांभाळला, मुलाबाळांना फडावर उभे केले. मे २०२१ मध्ये करोनाच्या लाटेत त्या गेल्या. त्यांच्यानंतर वसंत अवसरीकर, सुलोचना नलावडे, हरिभाऊ बडे, विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे, साधू पाटसुते, अंकुश खाडे, प्रभा शिवणेकर, भीमा सांगवीकर, गंगाराम कवठेकर, राधाबाई खोडे नाशिककर, मधुकर नेराळे ही नावे यादीत आली. २०१८ च्या पुरस्कारासाठी बशीर मोमीन कवठेकरांची निवड झाली. पुढे गुलाबबाई संगमनेरकर आणि आतांबर शिरढोणकर आले.

ही पंधरा नावे सावकाश वाचावीत. सातजणी बाया आहेत. साहित्याचे किंवा संगीताचे आणखी किती मोठे पुरस्कार असे असतील, जिथे जवळजवळ निम्मा मान बायकांकडे गेला? तमाशात बाई नुसती नाचणारी नव्हती. ती फडाची मालकीण होती, हिशेब ठेवणारी होती, ट्रकमध्ये सामान चढवून घेणारी होती. यादी ते खरेपणाने सांगते. निवड करणाऱ्यांनी आणखी एक शहाणपण दाखवले. त्यांनी बोर्डावर उभ्या असलेल्यांच्या पलीकडेही पाहिले. मधुकर नेराळे यांनी मुंबईच्या लालबागेत न्यू हनुमान थिएटर चालवले, गिरणगावातल्या कामगारांना गावाकडचा तमाशा तिथे बघायला मिळाला. बशीर मोमीन यांनी शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईत बसून फडांसाठी वग लिहिले, लावण्या, गवळणी आणि गणही लिहिले. गाणे फडाच्या नावावर गाजते आणि लिहिणारा अंधारात राहतो, हे आपल्या खडी गंमतीतल्या कवींनाही चांगले ठाऊक आहे. एका मुस्लिम घरातल्या माणसाने आयुष्यभर गण आणि गवळण लिहावी आणि राज्याने त्याचा सन्मान करावा, ही या पुरस्काराच्या इतिहासातली मला सर्वांत आवडणारी नोंद आहे. त्याच कवठ्याचे गंगाराम कवठेकर आधीच यादीत होते. एका गावातून दोन नावे!

या नावांचा नकाशा मात्र एकाच बाजूला झुकलेला आहे. सातारा, अवसरी, कवठे, नाशिक, संगमनेर. कलावंत आडनावासारखे गावाचे नाव लावतात, त्यामुळे नकाशा आपोआप उमटतो. आमगाव, तिरोडा, देवरी, सालेकसा, मोरगाव अर्जुनी यांतले एकही नाव वरच्या पंधरांत नाही. यात कुणी जाणून अन्याय केला असे मी म्हणणार नाही. पुरस्कार तमाशाचा आहे आणि तमाशाचे माहेर तिकडेच आहे. पण हे असे का झाले त्याचे कारण इतिहासात आहे, आणि ते आपल्या मुलांना शाळेत कुणी सांगत नाही.

तमाशाशी शासनाचे नाते सुरू झाले ते बंदीतून. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ असताना मुंबई राज्यात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आली. फड बसले, कलावंतांवर उपासमार आली. कलावंतांनी आणि जाणत्या मंडळींनी खटपट केली, दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली तमाशा सुधार समिती बसली, संहिता आधी तपासून घ्यायची अट घालून तमाशा पुन्हा सुरू झाला. या सगळ्या धावपळीत एक गोष्ट घडली. सरकारच्या दप्तरात तमाशाची नोंद झाली. फड किती, मालक कोण, वग कोणते, हे मंत्रालयाला माहीत झाले. शिक्षा म्हणून जी नोंद सुरू झाली तीच पुढे अनुदानाची, शिबिरांची, महोत्सवांची आणि शेवटी पुरस्कारांची पायवाट झाली.

आपण तेव्हा मुंबई राज्यात नव्हतो. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात, आणि भंडारा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात. खेरांची बंदी झाडीत लागूच झाली नाही. कलगीवाले आणि तुरेवाले मंडईत उभे राहत होते, लोक रात्र रात्र ऐकत होते, त्याची परवानगी कुणी मागत नव्हते आणि कुणी देत नव्हते. बंदी आली नाही, तशी नोंदही झाली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ ला गोंदिया हा स्वतंत्र जिल्हा झाला. प्रत्येक टप्प्यावर जमिनीचे, जंगलाचे, शाळांचे कागद या दप्तरातून त्या दप्तरात गेले. शाहिरांचे कागद नव्हतेच, जाणार काय? वृद्ध साहित्यिक आणि कलावंतांना मानधन देण्याची योजना १९५४-५५ पासूनची आहे. ती सुरू झाली तेव्हा आपण दुसऱ्या राज्यात होतो.

झाडीच्या कलावंताला जगवले ते मंडईने. बाहेरच्या वाचकासाठी सांगायला हवे की इथे मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे. दिवाळी झाली की पाडवा-भाऊबीजेपासून गावोगाव मंडया भरू लागतात. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान शेतात उभा असतो, हातात थोडा पैसा असतो. गोवारी समाजाचे गायगोधन आणि ढालीची पूजा होते. लेकीबाळी माहेरी येतात, पाहुण्यांनी घरे भरतात, कितीक सोयरिकी मंडईतच जुळतात. दिवसा दंडार हे इथले लोकनाट्य आणि रात्री खडी गंमत नाहीतर नाटक. ज्या गावाची मंडई त्या गावाने पाहुण्यांना जेवण घालायचे आणि खेळ दाखवायचा, हा दंडक. गरीब गावसुद्धा वर्गणी करून तो पाळते. इतका जुना आणि इतक्या लोकांनी उचललेला कलेचा खर्च महाराष्ट्रात दुसरीकडे क्वचितच सापडेल.

आणि सन्मानाची पद्धतही इथली स्वतःची आहे. खडी गंमत उभी राहते ती अंगणात किंवा मोकळ्या पटांगणात, लोक चहूबाजूंनी बसलेले. मध्ये शाहीर डफ घेऊन उभा, शेजारी ढोलकीवाला, तुणतुणे, टाळ, पेटी, आणि लुगडे नेसलेला नाच्या. शाहीर सवाल टाकतो. पुराणातला असेल, हिशेबाचा असेल, आजच्या राजकारणावरचाही असेल. समोरचा संच जबाब देतो. जबाब बसला की गर्दीतून एक हात वर येतो. हातात दहाची, वीसची, पन्नासची नोट. नाच्या नाचत नाचत तिथवर जातो, नोट घेतो, देणाऱ्याचे नाव विचारतो. शाहीर गाणे थांबवून ते नाव, त्याचे गाव, कधीकधी त्याच्या पाहुण्याचे गाव असे सगळे पुकारतो, ‘बक्षीस दिल्याबद्दल मंडळ आभारी आहे’ म्हणतो आणि ढोलकी पुन्हा उचलते. बक्षीस देणाऱ्याचाही मान आणि घेणाऱ्याचाही. पहाटेपर्यंत अशी शेकडो नावे पुकारली जातात. ही निवड समिती कधी चुकत नाही, कारण ती समोर बसून ऐकत असते. फक्त सकाळ झाली की त्यातले काही उरत नाही. कुणाचा सवाल गाजला, कुणी कोणाला निरुत्तर केले, ते दोन-चार वर्षे लोकांच्या बोलण्यात राहते आणि ती माणसे गेली की संपते. नोट खर्च होते, नाव वाऱ्यावर जाते.

याच ठिकाणी मला दूरच्या एका उदाहरणाची आठवण करून द्यावीशी वाटते. अमेरिकेत शेतकरी, खाणकामगार, डोंगरातले लोक जे गाणे गात आले त्याला कंट्री म्युझिक म्हणतात. फिडल, बँजो, गिटार आणि घरातल्या सुखदुःखाचे शब्द. शहरातल्या संगीतवाल्यांनी त्याला बराच काळ हलके मानले. मग त्या धंद्यातल्याच लोकांनी १९५८ साली नॅशव्हिल शहरात कंट्री म्युझिक असोसिएशन स्थापन केली. लगेच पुरस्कार काढले नाहीत. आधी १९६१ मध्ये थोरांच्या नावांचे दालन सुरू केले आणि पहिली तीन नावे कोरली ती जिमी रॉजर्स, हँक विल्यम्स आणि फ्रेड रोज यांची. तिघेही तेव्हा हयात नव्हते. रॉजर्स हा मूळचा रेल्वेतला कामगार, क्षयाने १९३३ मध्ये गेलेला. त्याच्यामागे जवळजवळ तीस वर्षांनी त्याचे नाव लिहिले गेले. वार्षिक पुरस्कार आले १९६७ साली. त्या पहिल्या वर्षी गायिकेचा पुरस्कार लोरेटा लिन हिला मिळाला. केंटकीतल्या कोळसा खाणीत राबणाऱ्या मजुराची ती मुलगी. १९७२ मध्ये वर्षातील सर्वोत्तम कलावंत हा सर्वांत मोठा मान मिळवणारी ती पहिली बाई ठरली. या पुरस्कारांचे मतदान त्या संगीतात काम करणारे सभासद करतात. आधी गेलेल्यांची नावे लिहून काढली, मग हयातांना बक्षिसे दिली, हा त्यांचा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आपल्याकडे बक्षिसे पिढ्यान् पिढ्या दिली गेली, नावे लिहायची राहून गेली.

आपल्या बाजूने अगदीच काही झाले नाही असे नाही. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोली आणि झाडीच्या लोककला यांच्या अभ्यासाला आयुष्य दिले. दंडारीचे प्रकार, तिची मांडणी, तिची गाणी त्यांनी गावोगाव फिरून लिहून घेतली. त्याआधी दंडार ही अभ्यासाची गोष्ट आहे असे विद्यापीठांना वाटत नव्हते. आज कुणाला झाडीच्या लोकरंगभूमीवर चार ओळी लिहायच्या असतील तर त्यांच्याच कामापासून सुरुवात करावी लागते. शासनाच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाच्या कामातही हळूहळू आपली नावे आली. प्रयोगात्मक कलांच्या अनुदान योजनेत तमाशा, दशावतार आणि शाहिरीच्या बरोबरीने खडी गंमतीच्या संचांचाही समावेश आहे. राज्य सांस्कृतिक पुरस्कारांत तमाशा, शाहिरी, लोककला आणि आदिवासी गिरिजन अशी वेगवेगळी दालने आहेत. म्हणजे खडी गंमतीचा शाहीर शाहिरीतून येऊ शकतो, दंडारीचा कलावंत लोककलेतून, आणि सालेकसा-देवरीकडचा गोंडी गाणारा आदिवासी विभागातून. दार एक नाही, तीन-चार आहेत.

गोंडी गाण्याचा उल्लेख निघाला म्हणून सांगतो. माघ पौर्णिमेला सालेकसा तालुक्यातल्या कचारगडला कोया पुनेम या गोंडी धर्माची यात्रा भरते. मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून गोंड समाज येतो. त्या दिवसांत तिथे जेवढी गाणी होतात आणि ज्या तऱ्हतऱ्हेच्या वाद्यांवर होतात, तेवढी एका जागी ऐकायला मिळणे दुर्मीळ आहे. पालघरकडचे तारपावादक भिकल्या लाडक्या धिंडा यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला तेव्हा आदिवासी वाद्यालाही दिल्लीत जागा आहे हे सिद्ध झाले. कचारगडला वाजवणाऱ्यांचे नाव तिथवर जायला कुणी अडवलेले नाही. पाठवणारा पाहिजे.

आणि पाठवले तर पोचते, याचा दाखला शेजारच्या जिल्ह्यात आहे. गडचिरोलीतल्या कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. झाडीपट्टी रंगभूमीवर त्यांनी पाच हजारांहून अधिक प्रयोग केले, आठशेच्या आसपास वेगवेगळ्या भूमिका केल्या. विदर्भाचे दादा कोंडके अशी त्यांची ओळख. शेती करायची, धान निघाला की नाटकाच्या हंगामाला लागायचे, हा झाडीतल्या शेकडो कलावंतांचा क्रम त्यांचाही. नारायणगावात गुढीपाडव्याच्या सुमारास फडमालकांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रेची सुपारी द्यायला येतात, तसे आपल्याकडे देसाईगंज वडसा. तिथल्या मंडळांच्या कार्यालयांतून नाटके ठरतात, आणि शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, असो की मंडई, रात्रीच्या नाटकाचा बोर्ड वडशाहूनच येतो. खुणे यांच्या पद्मश्रीने झाडीतल्या नाटकवाल्यांना जो हुरूप आला तो मी जवळून पाहिला आहे. नाटकाला तो मिळाला याचा आनंद आहेच. पण नाटकाच्या आधीपासून उभी असलेली आणि नाटकाला नट, गायक, ढोलकीवाले पुरवणारी खडी गंमत अजून त्या ओळीत यायची आहे.

खडी गंमतीपुढची अडचण पैशापेक्षा पुराव्याची आहे. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो. पुरस्कारासाठी नाव सुचवायचे तर कलावंताच्या कामाची माहिती लागते. कोणत्या साली कुठे कार्यक्रम केला, किती केले, कोणते सन्मान मिळाले, छायाचित्रे, वर्तमानपत्रातली कात्रणे. तमाशाच्या फडाकडे तिकिटांचे हिशेब असतात, परवान्यांचे कागद असतात, भिंतीवर लावलेली रंगीत जाहिरात असते. आमच्या शाहिराकडे काय असते? त्याच्याकडे सवालांची वही असते. बहुतेक वेळा ती गुरूची असते, कडा पिवळ्या पडलेली, घरातल्या पेटीत कपड्यांखाली ठेवलेली. त्या वहीत गाणी असतात, तारखा नसतात. कार्यक्रमाची पत्रिका मंडईच्या दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जाते. चाळीस वर्षे डफ वाजवलेला म्हातारा माणूस अर्ज भरायला बसतो आणि ‘कलाक्षेत्रातील योगदानाचा पुरावा’ या रकान्यापाशी थांबतो.

मानधनाची गोष्टही अशीच अडकते. ज्येष्ठ कलावंतांची योजना आता राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने आहे. पूर्वी कलावंताचा दर्जा राष्ट्रीय, राज्य की जिल्हा यावरून महिन्याला ३,१५०, २,७०० किंवा २,२५० रुपये मिळत. २०२४ पासून सगळ्यांना सरसकट पाच हजार रुपये झाले. श्रेणी काढून टाकली हे फार चांगले झाले. मंडईत रात्रभर गाणाऱ्याला तू जिल्हा दर्जाचा, म्हणजे तिसरा, असे सांगणे बरोबर नव्हतेच. वयाची ५० वर्षे पूर्ण हवीत, कलेत किमान १५ वर्षांचे योगदान हवे, आणि प्रत्येक जिल्ह्यातून दरवर्षी शंभर जणांची निवड होते. गोंदिया जिल्ह्यात आठ तालुके. या आठ तालुक्यांतून दरवर्षी शंभर खरे कलावंत सापडणार नाहीत, असे कोण म्हणेल? शाहीर आहेत, दंडारवाले आहेत, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी हाती घेऊन गावोगाव भजने करणारे आहेत, भीमगीते गाणारे आहेत, पोवारी आणि गोंडी गाणी गाणाऱ्या बाया आहेत. या बायांचे नाव तर अर्जापर्यंतही येत नाही. लग्नात, नवरात्रात, रोवणीच्या बांधीत त्या गातात, आणि ते गाणे कलेत मोडते हे त्यांना कुणी सांगितलेले नाही. विठाबाईंच्या पुरस्काराच्या यादीत पंधरांत सातजणी असू शकतात, तर आपल्या तालुक्याच्या यादीत एकही का नसावी?

राज्याच्या पुरस्काराने आम्हाला काय शिकवले, तर कलावंताचे नाव गावाच्या नावासकट लिहायचे. कांताबाई साताऱ्याच्या, गंगाराम कवठ्याचे, गुलाबबाई संगमनेरच्या. उद्या त्या ओळीत आपले गाव लागायचे असेल तर आधी आपण ते लिहून ठेवले पाहिजे. म्हणून या स्मरणिकेच्या मागच्या भागात तालुकावार कोरी पाने ठेवली आहेत. वाचकांना विनंती की आपल्या गावातल्या, हयात असलेल्या आणि नसलेल्याही, शाहिरांची, ढोलकीवाल्यांची, नाच्यांची, दंडारवाल्यांची आणि गाणाऱ्या बायांची नावे त्यांवर लिहावीत. कलगीचा की तुऱ्याचा, गुरू कोण, कोणते वाद्य, पहिल्यांदा कुठल्या मंडईत उभा राहिला, कोणता सवाल गाजला, हेही लिहावे. साल आठवत नसेल तर ज्या वर्षी दुष्काळ पडला, पूर आला किंवा सोसायटीची इमारत झाली, अशी खूण लिहिली तरी चालेल. आम्ही त्यावरून साल काढू. जुन्या पत्रिका, कार्यक्रमाचे फोटो, सरपंचांनी दिलेली प्रशस्तिपत्रके असतील तर त्यांच्या प्रती द्याव्यात, मूळ कागद स्वतःकडेच ठेवावेत. सवालांच्या वह्यांची पाने मोबाईलवर फोटो काढूनही पाठवता येतील. मानधनाचे अर्ज आता ऑनलाइन भरायचे आहेत. ज्यांना जमत नाही त्यांचे अर्ज मेळाव्याच्या दोन्ही दिवशी मंडपाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर भरून दिले जातील. येताना आधार कार्ड, बँकेचे पासबुक, वयाचा आणि उत्पन्नाचा दाखला, आणि सवालांची वही घेऊन यावे.